मोठ्या मायची गाणी आणि 32 जीबीचा खोटा रेकॉर्डर

मोठी माय, म्हणजे आजी, 84 वर्षांची. कानबाई देवीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, सगळं खानदेशच्या अहिराणी बोलीत आणि सगळं तोंडपाठ. मोबाइलवर घेताना मधेच कुणाचा तरी फोन येतो, ती बिचकते, गाणं तुटतं. म्हणून स्वस्तातला रेकॉर्डर घ्यायचं ठरवलं. ऑनलाइन मिळाला: 1,899 रुपये, 32 जीबी, कंपनीचं नाव कुठेच नाही. तिथेच हात आवरायला हवा होता.

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी चार दिवसांत अकरा तास गाणी घेतली, चांगल्या आवाजासाठी वेव्हमध्ये (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी मोठी फाइल). पाचव्या दिवशी जळगावला येऊन लॅपटॉपला लावलं. सुरुवातीचे साडेसहा तास वाजले. पुढच्या फायलींचं नाव दिसतं, साइज दिसते, आवाज नाही. वेव्हला तासाला 600 एमबीच्या वर जागा लागते. हिशेब केला, यंत्र 32 दाखवत होतं, पण आत खरी मेमरी 4 जीबीच होती.

परत करायची मुदत सात दिवस. कस्टमर केअरवाला म्हणाला, "आधी फॉरमॅट करा." (करू नका! फॉरमॅटच्या आधी वाजणाऱ्या फायली लॅपटॉपवर घ्या. मी घेतल्या म्हणून तेवढ्या तरी वाचल्या.) मग व्हिडिओ मागितला. पाठवला. उत्तर आलं, "व्हिडिओत 32 जीबी दिसतंय सर, प्रॉडक्ट बरोबर आहे." अहो, ते दिसतंय हीच तर तक्रार! तीन वेळा तेच सांगितलं, तीन वेळा नवीन माणूस. सातव्या दिवशी कुरिअरचा मुलगा आला आणि यंत्रावर सीरियल नंबर नाही म्हणून न घेताच गेला. त्या यंत्रावर नंबर छापलेलाच नव्हता. संध्याकाळी अ‍ॅपवर आलं: "ग्राहकाने विनंती रद्द केली." दुसऱ्या दिवशी मुदत संपली.

शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला. बिल, व्हिडिओ, चॅटचे स्क्रीनशॉट सगळं जोडलं. तक्रारीनंतर नवव्या दिवशी पैसे खात्यात आले. म्हणून सांगतो, पहिल्या दिवसापासून प्रत्येक चॅटचा फोटो काढून ठेवा. आणि यंत्र हातात आलं की त्याच दिवशी लॅपटॉपवरून मोठ्या फायली टाकून ते गच्च भरा, मग पहिली, मधली आणि शेवटची फाइल वाजवून बघा. मुदत असतानाच.

नंतर सोनीचा आयसीडी-पीएक्स470 घेतला. दुप्पट पैसे गेले, पण 4 जीबी म्हणजे 4 जीबी. वर मेमरी कार्ड घालता येतं, आणि साधे दोन ट्रिपल-ए सेल लागतात, ते गावातल्या किराणा दुकानातही मिळतात. 128 केबीपीएसच्या एमपी3 मध्ये (आवाज दाबून लहान केलेली फाइल) तासाला साठेक एमबी पुरतात. बोलण्यासाठी ते भरपूर आहे, गाण्याला मी अजूनही वेव्हच ठेवतो. आवाज आला की आपोआप सुरू होणारी सोय मात्र बंद ठेवा, ती ओवीचा पहिला शब्दच खाते. पंख्याची घरघर कापायला लो कट (खालचे जाडे आवाज गाळणारी सोय) चालू करा. तारीख लावायलाही विसरू नका.

श्रावणात पुन्हा गावी गेलो. गेलेल्या फायलींतली बरीच गाणी तिने परत म्हटली. बाळंतिणीची एक मोठी ओवी होती, तिची चारच कडवी आठवली. रेकॉर्डरकडे बघत ती म्हणाली, "पोऱ्या, मना पहिला आवाज कोठे गया रे?"