तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्यात एवढा नत्र, मग समुद्र उपाशी का?

समुद्राविषयी कुठेही बोलायला गेले की शेतीची जाण असलेलं कुणीतरी हे विचारतंच. हवेत ७८ टक्के नत्र, तो पाण्यातही विरघळतो. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींमधलं काम, म्हणजे हा नत्र बांधून सजीवांना वापरता येईल असा करण्याचं, ते करणारे जिवाणू समुद्रातही आहेत. मग भर समुद्रात नत्राची टंचाई का? हे जिवाणू भराभर वाढून ती भरून का काढत नाहीत?

कारण त्यांचीच उपासमार होते.

त्यांतला मला सगळ्यांत प्रिय आहे ट्रायकोडेस्मियम. १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाजवळ कॅप्टन कुकच्या खलाशांना पाण्यावर त्याचे तवंग दिसले आणि त्यांनी त्याला ‘समुद्री भुसा’ म्हटलं. नत्राच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध हा इवलासा जीव साध्या समुद्राच्या पाण्यात तोडतो. खत कारखान्यात त्याच कामाला ४०० अंशांच्या आसपास तापमान आणि हवेच्या शंभर पटींहून जास्त दाब लागतो. जिवाणूचं हत्यार म्हणजे नायट्रोजिनेज हे विकर, आणि ते लोखंडाच्या बाबतीत भलतंच खर्चिक: एका पूर्ण संचात लोहाचे ३८ अणू! शिवाय नत्राच्या एका रेणूमागे ऊर्जेच्या १६ पुड्या, म्हणजे एटीपीचे रेणू, खर्ची पडतात. एटीपी बनवायला स्फुरद (फॉस्फरस) हवा, पेशीच्या पडद्याला हवा, डीएनएलाही हवा.

आता समुद्रात लोह किती? प्राणवायू असलेल्या पाण्यात ते गंजतं, कणांना चिकटतं आणि तळाशी जातं. भर समुद्रातल्या पृष्ठभागाच्या लिटरभर पाण्यात बहुतेकदा एक-कोट्यांश ग्रॅमसुद्धा लोह सापडत नाही. हे इतकं कमी आहे हे कळायलाही फार उशीर लागला, कारण जहाज लोखंडाचं, तारा लोखंडाच्या, आणि नमुन्यात उतरायचा तो त्यांचाच गंज. त्या काळातले कित्येक आकडे पुढे टाकून द्यावे लागले. त्यामागच्या मेहनतीचं मला फार वाईट वाटतं.

तांबड्या समुद्रातल्या ट्रायकोडेस्मियमचं निरीक्षण झालंय, ते मला विसरता येत नाही. त्याचे तंतू एकत्र येऊन कापसाच्या बोंडासारखा गोळा होतो. गोळ्यावर धूळ पडली की तंतू ती पकडतात, हळूहळू मध्यभागी सरकवतात आणि तिथे त्यातलं लोह विरघळवून घेतात. आभाळातून पडलेल्या धुळीवर जगायची केवढी ही धडपड!

“मग लोह ओतू या की समुद्रात!” पुढचा प्रश्न हाच असतो. मी विचारते, कुठे?

दक्षिण प्रशांत महासागराच्या मधोमध स्फुरद शिल्लक असतो, पण जमीन इतकी दूर की धूळ फारशी पोचत नाही. तिथे लोहच अडतं. त्याच महासागरात टोंगाजवळ मात्र उथळ पाण्यातले ज्वालामुखी लोह सोडतात आणि नत्र बांधणारे जीव जोमाने वाढतात. उत्तर अटलांटिकवर सहारातून धुळीचे लोट येतात. लोह मिळतं, पण मग स्फुरदच संपत येतो. २००४ मध्ये त्याच्या पूर्वेकडच्या उष्ण पट्ट्यातल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले: नुसतं लोह घालून काही होईना, नुसता स्फुरद घालूनही नाही. दोन्ही घातल्यावर मात्र नत्र बांधणं वाढलं. सहाराची धूळ घातल्यावरही वाढलं, कारण तिच्यात दोन्ही होतं.

आपल्या अरबी समुद्राला अरबस्तानच्या वाळवंटांतून धूळ मिळते. त्याच्या मधल्या थरांत प्राणवायू जवळजवळ नसतोच. तिथले दुसरे जिवाणू नायट्रेट, म्हणजे पाण्यातला वापरण्याजोगा नत्र, संपवून टाकतात, स्फुरद मागे राहतो आणि पाणी ढवळलं की वर येतो. मग मार्च-एप्रिलमध्ये वारा पडतो, पाणी तापतं आणि गोव्यासमोर तो भुसा तरंगू लागतो.