भाचीचं कर्ज, तिथलं आणि इथलं

सांगलीत बँकेत असताना शैक्षणिक कर्जाचं टेबल बरीच वर्षं माझ्याकडे होतं. म्हणूनच न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. (तिचा जन्म तिथलाच, त्यामुळे सरकारी कर्जाला पात्र.) "मावशी, ग्रॅड प्लस बंद होतंय. मास्टर्सचं कसं करू?"

ग्रॅड प्लस म्हणजे पदव्युत्तर शिक्षणासाठीचं अमेरिकन सरकारचं कर्ज. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या तिथल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ते कर्ज बंद. पूर्वी कॉलेज सांगेल तेवढा खर्च त्यातून निघायचा. आता पदव्युत्तरला वर्षाला २०,५०० डॉलर, एकूण १ लाख. डॉक्टरकी, वकिलीला वर्षाला ५० हजार. वरच्या पैशांसाठी खासगी बँक.

कॉलेजांच्या फीला लगाम हवा, हे मला पटतं. ज्या कोर्सची मुलं पुढे फारच कमी कमावतात, त्याचं सरकारी कर्ज थांबणार, हेही रास्त. पण खासगी बँक भक्कम सहकर्जदार मागते. गरिबाच्या पोरीने तो कुठून आणायचा?

सांगलीच्या बँकेत मार्केट यार्डातले एक हमाल मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी आले होते. फॉर्मवर अंगठा उठवला, तर शाईच्या कडेला हळदीचा पिवळा डाग. "घर लिहून द्यावं लागंल का, मॅडम?" साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही म्हटल्यावर कुठे ते खुर्चीत नीट टेकले. अशा कर्जाची हमी सरकारनेच घ्यायला हवी, तिथे काय आणि इथे काय.

भाचीला म्हटलं, नोकरीच्या मुलाखतीत कंपनी कर्ज फेडायला हातभार लावते का, हेही विचार. कंपनीने वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत भरले तर त्यावर कर नाही, आणि ही सवलत आता कायमची झाली आहे.