स्ट्रोक्सटाउन ते डब्लिन : एक वाडा, एक कालवा आणि पाण्यात गेलेले 70 युरो

आधी निकाल सांगतो, वाद नंतर घाला. आयर्लंडमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या जमीनदार आणि लष्करी घराण्यांसाठी एकच वाडा बघायचा असेल, तर तो रॉसकॉमन काउंटीतला स्ट्रोक्सटाउन पार्क. डांगन कॅसल या पडक्या किल्ल्याच्या वाटेला जाऊ नका. आणि नॅशनल फॅमिन वे, म्हणजे स्ट्रोक्सटाउन ते डब्लिन ही दुष्काळाच्या आठवणीची पायवाट, चालणार असाल तर पहिला टप्पा गाडीने उरका.

ही वाट 165 किलोमीटरची. बटाट्याच्या दुष्काळात, 1847 मध्ये, स्ट्रोक्सटाउनच्या इस्टेटीवरच्या कुळांतल्या 1,490 माणसांना याच दिशेने चालवत डब्लिनला नेलं. तिथून लिव्हरपूल, मग जहाजांनी कॅनडातलं क्यूबेक. त्यांतल्या व्हर्जिनियस जहाजावर 476 उतारू होते, 158 वाटेतच मेले. आज वाटेवर ठिकठिकाणी लहान मुलाच्या बुटांच्या ब्राँझच्या प्रतिकृती खुणेसाठी ठेवल्या आहेत. पहिल्या दोन-तीन बघून पोटात कालवतं. पुढे पाय इतके भरून येतात की त्या फक्त अंतर मोजायला उरतात.

माहितीपत्रकावर कालवा, बदकं, सपाट हिरवी पायवाट. प्रत्यक्षात कालवा क्लोंडरा गावाला सुरू होतो आणि तोवर अर्ध्या दिवसाहून जास्त डांबरी रस्ता आहे. बऱ्याच ठिकाणी फुटपाथ नाही, दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण, आणि वळणावरून ट्रॅक्टर असा येतो की अंग चोरून झुडपात शिरावं लागतं. त्यात पाऊस. बुटात पाणी, पाठीवर सॅक, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला शिव्या. हा तुकडा चालायचाच असेल तर उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला, भडक रंगाचं जाकीट घाला. नाहीतर सरळ लिफ्ट मागा. स्ट्रोक्सटाउनचे लोक देतात.

आता वाडा. घाईने बघू नका, निदान अर्धा दिवस द्या. स्वयंपाकघराला वर लाकडी सज्जा आहे. मालकीणबाई त्या सज्ज्यावर उभ्या राहून खालच्या माणसांवर नजर ठेवत आणि आठवड्याचा बेत लिहिलेला कागद वरूनच खाली टाकत. खाली उतरायचं कामच नाही. नोकरांनी पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून ये-जा करायला भुयारसुद्धा आहे. श्रीमंती दिवाणखान्यात दिसतेच, पण घराण्याचा स्वभाव कळतो तो या सज्ज्याखाली उभं राहिल्यावर.

वाडा आणि इस्टेट महॉन घराण्याची. त्यातला शेवटचा लॉर्ड हार्टलंड वेडा ठरला, इस्टेटीचा कारभार कोर्टाकडे गेला, आणि 1845 मध्ये ती मेजर डेनिस महॉनकडे आली. खंडाची थकबाकी डोंगराएवढी, आणि त्याच वर्षी बटाट्यावर करपा. कायदा असा की 4 पौंडांपर्यंतच्या जमिनीचा गरीबकर कुळाऐवजी मालकाने भरायचा. म्हणजे लहान कुळं उठवली की मालकाची सुटका. कारभाऱ्याने सरळ हिशोब मांडला: वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरीबकरावर चालणाऱ्या आसरागृहात, पोसायचा खर्च वर्षानुवर्षे, जहाजाचं भाडं एकदाच. 2 नोव्हेंबर 1847 ला मेजरसाहेबांना घरी परतताना वाटेत गोळी घालून मारलं. लेक ग्रेस हिचं लग्न त्याच वर्षी पाकनम घराण्यात झालं होतं, ती पुन्हा या घरात राहायला आली नाही. घराणं मात्र 1979 पर्यंत टिकलं. मग वाडा विकत घेतला गावातल्या एका गॅरेजवाल्यांनी. त्यांना दुष्काळाच्या वेळची कागदपत्रं सापडली, आणि 1994 मध्ये त्यावर संग्रहालय उभं राहिलं. तिकिटाचे पैसे वसूल होतात.

क्लोंडरा ते मलिंगर आणि पुढे: छान, सपाट, सायकल घेतलीत तर आणखी छान. बास.

मलिंगरहून वाकडी वाट करून टलिनॅली गाठा, पाकनम लोकांचा किल्ला. दार उघडं आहे का ते आधी विचारून जा, सगळा किल्ला रोज दाखवत नाहीत. या घरांची रीत इथे लक्षात येते: इस्टेट थोरल्याला, धाकटे पलटणीत. 1871 पर्यंत अधिकारीपदं विकत मिळायची, त्यामुळे पैसा आणि तलवार एकाच घरात. एक एडवर्ड पाकनम 1815 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या लढाईत मारला गेला. त्याची बहीण किटी हिला आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, मागणी घातली, तेव्हा तो कफल्लक धाकटा म्हणून घरच्यांनी स्थळ नाकारलं. मग तो हिंदुस्थानात आला, 1803 मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला, असईला शिंदे-भोसल्यांशी लढला, गाठीला पैसा बांधून परतला, आणि 1806 मध्ये लग्न लागलं. आपल्या जालन्याच्या रानात जावयाची पत वाढली म्हणायची!

म्हणूनच त्याच्या घराण्याचं डांगन बघायचा मोह झाला. एनफिल्डच्या मुक्कामी सांगितलं, "रस्त्यालगतच आहे, टॅक्सीवाला नेईल." नेलं खरं. बंद फाटकापाशी उतरवलं, पलीकडे खासगी शेत, लांबवर छप्पर नसलेल्या भिंती, 1809 च्या आगीनंतर उरलेल्या. दहा मिनिटं कुंपणावरून बघितलं, गाईंनी आमच्याकडे बघितलं. मीटर चालू नव्हता. जाऊन-येऊन 70 युरो मागितले, वाद घातला तर म्हणे थांबण्याचे पैसे धरलेत. बसण्याआधी मीटर टाकायला लावा. आडगावात "बघू नंतर" हे उत्तर ऐकलंत तर उतरा.

मेनूथजवळचं कार्टन हाउस ड्यूक ऑफ लेन्स्टरचं, आता हॉटेल आणि गोल्फ. चिखलाचे बूट घेऊन आत जाताना दारवान जे तोंड करतो, तेवढंच एकोणिसाव्या शतकातलं उरलंय. चहा प्या, निघा.

असईसाठीच जायचं असेल तर डब्लिनच्या फिनिक्स पार्कातला वेलिंग्टनचा 62 मीटरचा स्तंभ गाठा. लढाईत पकडलेल्या तोफांच्या धातूची उठावचित्रं पायाशी आहेत, त्यांतलं एक हिंदुस्थानातल्या लढायांचं. महाराजपूरला 1843 मध्ये शिंद्यांच्या फौजेला हरवणाऱ्या, लिमरिकच्या गफ या इंग्रज फौजेच्या सेनापतीचा घोड्यावरचा पुतळाही याच बागेत होता, तो 1957 मध्ये स्फोटाने उडवला, शोधत बसू नका. लाल लाइनच्या ट्रामने ह्यूस्टन स्टेशनला उतरा, तिथून चालत जवळ आहे. प्रवेश फुकट, टॅक्सी लागत नाही.