तुम्ही विचारलंत म्हणून: आठवणी चुकतात, मग लिहून कशाला घेता?

लोकांच्या आठवणी ऐकून त्यातून इतिहास लिहून ठेवणं हे माझं काम. त्यावर कुठेही बोलायला गेलो की शेवटी कुणीतरी हे विचारतंच, जरा चिमटा काढल्यासारखं, की काय हो, लोकांना धड तारखा आठवत नाहीत, एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही, सरळ कागदपत्रं बघा ना. अहो बघतोच! ती न बघता नुसत्या आठवणी छापणं म्हणजे शुद्ध आळस.

पण इटलीतल्या तेर्नीचं ऐका. पोलाद कारखान्याचं शहर. १९४९ मध्ये नाटो कराराच्या विरोधात कामगार बाहेर पडले, पोलिसांशी झटापट झाली, त्यात लुईजी त्रास्तुल्ली हा २१ वर्षांचा पोरगा गेला. पुढे आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इतिहासकाराने लोकांना विचारलं तर कितीतरी जण ठामपणे सांगायला लागले की तो १९५३ ला गेला, कामगारकपातीच्या वेळी. आता हे सगळे एकदम विसराळू झाले का? तर नाही, ४९ ला आपला माणूस गेला आणि त्याचं उट्टं काढता आलं नाही ही सल होती, ५३ ला नोकऱ्या गेल्या तेव्हा मात्र कामगार रस्त्यावर भिडले होते, म्हणून तो मृत्यू आपोआप तिकडे सरकला. पोलिसांच्या कागदात तारीख मिळेल, ही सल कुठून मिळणार?

आणि आठवणी कुठे बसून ऐकायच्या म्हणाल तर, घरात रेकॉर्डर समोर ठेवला की माणसं पाठ झालेलं बोलतात. त्याच माणसाला जागेवर न्या. पाडून टाकलेल्या वाड्याच्या मोकळ्या प्लॉटवर एक आजोबा नसलेल्या भिंतीला वळसा घालून चालत होते, त्यांच्या लक्षातही नव्हतं, आणि तिथून पुढे जे बोलत सुटले ते घरी तासभर बसून निघालं नव्हतं.

जागा पाडली तरी आठवण राहते, याचं मोठं उदाहरण दक्षिण आफ्रिकेत आहे. केपटाऊन शहरातला डिस्ट्रिक्ट सिक्स हा वस्तीचा भाग १९६६ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी म्हणून जाहीर झाला, साठ हजारांच्या वर लोक उठवले, घरांवर बुलडोझर. १९९४ मध्ये तिथे म्युझियम उघडलं, त्यात जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा पसरलाय आणि हाकललेल्या लोकांनी त्यावर आपली नावं, घरं स्वतः लिहिलीत. रस्त्यांच्या जुन्या पाट्याही आहेत, त्या पाडकामावरच्याच एका माणसाने ठेवून दिल्या होत्या. (सरकारी दप्तराच्या भरवशावर राहिलो असतो तर झालंच.)

तर मी दोन्ही तारखा लिहितो, कागदातली आणि लोकांच्या आठवणीतली. घटनेच्या जागी स्मृतीची पाटी लावायची वेळ आली की वर कागदातली, खाली लोकांची, आणि ती वेगळी का हेही. पाटी लावणाऱ्या कमिटीला ती दोनच ओळींची हवी असते, त्यावरून भांडण ठरलेलं.