सात ते साडेनऊची ड्यूटी

ऐरोलीहून पकडलेली लोकल मला साडेसहाच्या आसपास नेरूळला सोडते. घरी येऊन हातपाय धुतले, चहाचा कप हातात घेतला की चिरंजीव सुरू. सात म्हणजे सातच. दिवसभर दूध पिऊन गुपचूप झोपणारं पोर, बाप दिसला की गळा काढतं! सासूबाई म्हणाल्या, "गाडीच्या गर्दीतनं येता, बाहेरची दृष्ट घेऊन येत असाल." मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरवून झाल्या. तव्यावरच्या मिरच्यांनी आम्ही सगळे खोकलो आणि बाळ आणखी जोरात रडलं.

हे सुरू झालं तिसऱ्या आठवड्यात. भुकेचं रडणं तोवर आम्हाला कळायला लागलं होतं. आधी ओठ चाळवणार, मूठ तोंडात घालणार, मग कुरकुर. हे रडणं तसं नव्हतं. एकदम टाहो. गुडघे पोटाशी, मुठी आवळलेल्या, तोंड लालभडक, आणि मध्येच श्वास धरून एवढा वेळ गप्प की आपलाच जीव वर यावा. पाजायला घेतलं तर दोन घोट पिऊन मान फिरवायचा. साडेनऊला कुणीतरी बटण बंद केल्यासारखा झोपायचा.

सल्ले भरपूर मिळाले. शेजारच्या काकूंनी बायकोची वाटाण्याची उसळ बंद करायला लावली. कुणी बाळगुटी सुचवली, कुणी मधाचं बोट, आणि ग्राइप वॉटर तर सगळ्यांनीच. (हे औषध १८५१ सालचं, इंग्लंडातलं, आणि तेव्हा त्यात चक्क अल्कोहोल असायचं. हे वाचल्यावर जुन्या काळची बाळं पटकन शांत कशी व्हायची याचा थोडा उलगडा झाला.) बालरोगतज्ज्ञांनी तिन्हींवर काट मारली. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. मध तर वर्षभर नाहीच, त्यातून बाळाला बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूंमुळे होणारी गंभीर विषबाधा, होऊ शकते. सासूबाईंनी चाचरत विचारलं, "आणि बेंबीभोवती हिंगाचा लेप?" डॉक्टर हसले. "बाहेरून लावा हवं तर. पोटात नको, आणि खोलीत धुरी नको."

त्यांनी बाळाला पूर्ण उघडं करून तपासलं. कान, पोट, जांघा, आणि मग पायाचं एकेक बोट वेगळं करून पाहिलं. मी विचारलं काय शोधताय, तर म्हणाले, "केस. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात. एखादा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, करकचून बसतो आणि बाळ रडत राहतं." तेव्हापासून मोजे काढले की मी बोटं मोजल्यासारखी तपासतो. केस नव्हता. वजन रोज वीस-तीस ग्रॅमनी वाढत होतं, दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत होते. म्हणजे हे कॉलिक. दिवसाला ३ तासांपेक्षा जास्त, आठवड्यात ३ दिवसांपेक्षा जास्त, असं ३ आठवडे रडणं. १९५४ पासूनची व्याख्या. कारण? नक्की कुणालाच माहीत नाही. सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळस, तीन-चार महिन्यांत बहुतेकांचं थांबतं. मात्र ताप १००.४ च्या वर गेला, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसलं, किंवा बाळ मलूल पडून दूधच घेईना, तर वाट न बघता लगेच घेऊन यायचं.

मी एक वही केली. किती वाजता सुरू, किती वाजता बंद, मध्ये काय केलं. दुपट्यात गुंडाळणं (हात आत, पाय हलायला मोकळे) कधी चालायचं, कधी नाही. ढेकर काढायला उभं धरून अर्धा तास फिरायचं. सगळ्यात उपयोगी पडला तो पालथा धरण्याचा प्रकार: बाळाचं पोट माझ्या हातावर, डोकं कोपराच्या खोबणीत, दोन्हीकडे लोंबकळणारे हातपाय, आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅनखाली येरझाऱ्या. त्या घरघरीत तो वीसेक मिनिटं तरी शांत व्हायचा. कणिक मळता मळता सासूबाई म्हणायच्या, "जावईबापू, तेवढं फोडणीपासून लांब."

आणि मग सहाव्या आठवड्यातला तो शुक्रवार. बायको टाके दुखतात म्हणून आडवी झालेली, सासूबाई खाली भाजीला. बाळ दीड तास रडत होतं. पालथा झाला, फॅन झाला, अंगाईही बेसूर गाऊन झाली. मी त्याला काखेत धरून समोर उचललं आणि "काय पाहिजे तुला?" म्हणून ओरडलो. माझे अंगठे त्याच्या छातीवर दाबले जात होते. ते मला दिसलं. बाळाला हलवलं, झटका दिला, तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ऐकताना वाटलं होतं, असं कोण करेल?

त्याला पाळण्यात उताणं ठेवलं. दार लोटलं. गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पनवेलकडे एक लोकल गेली, मग दुसरी. आतून रडणं ऐकू येत होतं आणि माझे हात कापत होते. पाचेक मिनिटांनी तोंडावर पाणी मारून परत गेलो, तर तो तसाच, तितकाच जोरात रडत होता. पण मी आता त्याला नीट धरू शकत होतो.

सासूबाई आल्यावर त्यांना सांगितलं. वाटलं, बोलणी खाईन. त्या पिशवीतली मेथी पेपरवर पसरत म्हणाल्या, "तुमच्या बायकोला मी एकदा पाळण्यात टाकून विहिरीवर गेले होते. घरात पाणी भरलेलं होतं, तरी दोन कळशा ओढून आणल्या."

त्यानंतर आम्ही पाळ्या लावल्या. सात ते पावणेआठ मी, मग सासूबाई, मग पुन्हा मी. बायको त्या वेळात बंद खोलीत झोपायची, कानात कापूस घालून. ज्याची पाळी नाही त्याने सल्ला द्यायचा नाही, हा नियम सासूबाईंनीच केला आणि त्यांनीच रोज मोडला.

चौदाव्या आठवड्यात वहीतल्या नोंदी आखूड झाल्या. ७.१० ते ८. मग ७.२० ते ७.४५. शेवटची नोंद ७.३० ते ७.३५ अशी आहे, आणि तिच्याखाली सासूबाईंच्या अक्षरात पुढच्या महिन्याचा दुधाचा हिशेब सुरू होतो.