भाडेकरूचं घर: लंडन, 10 किंग हेन्रीज रोड

चॉक फार्म स्टेशनातून बाहेर आलो तर पाऊस भुरभुरत होता आणि छत्री अर्थातच ताईच्या घरी राहिलेली. वळून पाहिलं, गडद लाल टाइल्सचं हे स्टेशन 1907चं, म्हणजे बाबासाहेब या भागात राहायला आले तेव्हा ते होतंच की! एवढ्या साध्या हिशोबानंही उगाच धडधडलं.

रेल्वेवरचा पूल ओलांडला की किंग हेन्रीज रोड. हा हेन्री म्हणजे सहावा हेन्री, 1440 साली ईटनची शाळा काढणारा राजा. ही जमीन ईटनचीच, 19व्या शतकात त्यांनी इथे बिल्डरांकडून घरं बांधून घेतली, म्हणून आसपास फेलोज रोड, प्रोव्होस्ट रोड, ऑपिडन्स रोड अशी शाळेतलीच नावं. आणि ज्या पोराला शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावं लागायचं तो राहायला आला नेमका इथे, बड्या घरच्या मुलांच्या शाळेच्या जमिनीवर.

शेजारच्या अॅडलेड रोडवरची कितीतरी व्हिक्टोरियन घरं 1960च्या दशकात पाडली, तिथे टॉवर आले. 10 नंबर वाचलं. बाहेरून बघितलं तर ओळीतल्या इतर घरांसारखंच आहे, फक्त भिंतीवर निळी गोल पाटी, सामाजिक न्यायासाठी लढणारे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर 1921-22 मध्ये इथे राहिले अशी. एरवी जुन्या घराचा इतिहास म्हणजे मालकांची वंशावळ, इथे मात्र मालक कोण होता याच्याशी कुणाला देणंघेणं नाही, वर्ष-दीड वर्षाच्या भाडेकरूनं घराला नाव दिलं. पागडीवाल्या मुंबईकरांना हे जास्त कळेल.

या पत्त्यावरून फेब्रुवारी 1922 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातले आपले प्राध्यापक सेलिग्मन यांना पत्र लिहिलं होतं. 1917 साली भारतात परतताना सामानाची बोट टॉर्पेडोनं बुडाली, त्यात प्रबंधाचं हस्तलिखित गेलं, आता नव्याने लिहिलाय, असं. मला तर एक वर्ड फाइल उडाली तरी आठवडाभर सुतक असतं. शिष्यवृत्ती संपल्यामुळे अर्धवट सोडलेलं शिक्षण पुरं करायला ते 1920 मध्ये पुन्हा आले ते सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठवलेल्या पैशांवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि मित्र नवल भथेनांच्या उसनवारीवर, त्यामुळे पोटाला चिमटा ठरलेलाच.

2015 साली महाराष्ट्र सरकारनं सुमारे 30 लाख पौंडांना घर घेतलं, 14 नोव्हेंबरला उद्घाटनही झालं. मग कॅम्डन कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, म्हणाली, राहत्या घराचं म्युझियम परवानगीशिवाय कसं? शेजाऱ्यांच्या तक्रारी, अपील, सगळं साग्रसंगीत. आपल्या सोसायटीत कुणी क्लास काढला की होतं तेच. शेवटी मार्च 2020 मध्ये परवानगी मिळाली.

आत फोटो बघत मी बूट न वाजवता जिना चढलो, का कोण जाणे. वरून आईला व्हिडिओ कॉल लावला, एकेक खोली दाखवली. लंडनच्या त्या दिवसांत रात्री अभ्यास करताना भूक लागली की बाबासाहेब भाजलेले पापड आणि कपभर दूध घ्यायचे, हे तिला पाठ आहे. फोटोंकडे तिचं लक्षच नव्हतं.

"ते राहू दे रे," ती म्हणाली, "पापड कुठे भाजायचे ते दाखव."