स्टेपनीखालचं पाणी

सगळा दोष फणसाचा आहे, हे आधी सांगून टाकतो.

मे संपत आला की आईला एकदम आठवतं, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. मग दापोलीहून पुण्याला निघताना "जाता जाता हर्णैवरून जाऊ" हे ठरलेलं. हर्णै आहे दापोलीच्या पश्चिमेला सोळा-सतरा किलोमीटर, पुणे पूर्वेला. पण "जाता जाता" या शब्दाचा अर्थ आईशी बोलायच्या भानगडीत मी पडत नाही. बंदरावर लिलाव रंगात आला होता. आईने दोन तांबोश्या अख्ख्या, एक सुरमई तुकड्या करून आणि डझनभर बांगडे घेतले. मासे विकणाऱ्या मावशींनी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, मासे, पुन्हा बर्फ असे थर लावले, वर चिकटपट्टी मारली. खोकं डिकीत गेलं. त्याच्या शेजारी काकांनी दिलेला बारा-तेरा किलोचा फणस.

ताम्हिणी घाटात प्रत्येक वळणावर मागून "धप" असा आवाज येत होता. फणस लोळतोय एवढंच वाटलं. तो खोक्यावर आपटत होता.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा. खोक्याचा खालचा कोपरा फुटलेला दिसला, डिकीचा गालिचा ओलसर लागला. फडक्याने टिपला आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी तांबोशीचं कालवण इतकं जमून आलं होतं की डिकी कोणाच्या डोक्यातच नव्हती.

तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी आठ तास उन्हात तापली. संध्याकाळी दार उघडलं आणि मी अक्षरशः दोन पावलं मागे आलो. रोज माझ्याबरोबर कोथरूडपर्यंत येणारा सहकारी दारात थांबला, आत एकदा वाकून बघितलं, "मला आज जरा वेगळीकडे जायचंय" म्हणाला आणि रिक्षाला हात केला.

पुढचा आठवडा मी सगळ्या चुका ओळीने केल्या. पहिल्यांदा मोगऱ्याच्या वासाची जेलची डबी आणून एसीच्या जाळीला लावली. परिणाम असा, की मोगऱ्याच्या बागेत कोणीतरी बांगडे वाळत घातलेत. मग कापूर. मग शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून डिकीत खायचा सोडा पसरला, रात्रभर ठेवला, सकाळी झटकला. काडीचा फरक नाही. शेवटी एका कार वॉशवाल्याकडे "इंटिरियर क्लीनिंग" करून घेतलं, बाराशे रुपये. त्याने सीटवर फेस फिरवला, व्हॅक्युम मारला, डॅशबोर्डला असं काही तेलकट चोपडलं की समोरच्या काचेत डॅशबोर्डच दिसायला लागला. दोन दिवस बरं वाटलं. मग ऊन पडलं आणि समुद्र परत आला.

बायको मासे खात नाही. सदाशिव पेठेतलं माहेर, नाक तिखट. ती म्हणाली, "वर वर काय करतोस? जिथून येतोय ते शोध ना." ते दहा दिवसांत मला सुचलं नव्हतं.

रविवारी सकाळी सहाला कामाला लागलो. डिकीतलं सगळं सामान बाहेर. गालिचा उचलला, त्याखालचा पुठ्ठ्यासारखा बोर्ड उचलला, स्टेपनी धरून ठेवणारा स्क्रू सोडवला आणि टायर वर घेतला. खाली पत्र्याच्या खोलगट ताटलीत बोटभर पाणी. तपकिरी, वर साय धरलेली, कडेला पाच-सहा खवले चिकटलेले, आणि मधोमध फणसाचा एक काटा. पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती. मी वर मोगरा लावत होतो आणि खाली हे रोज उन्हात मुरत होतं.

खोलगट भागाच्या तळाला एक गोल रबरी बूच होतं. बऱ्याच गाड्यांत ते असतं, आपण कधी बघत नाही. गाडीखाली जुनं टब सरकवलं, बूच बोटाने वर ढकललं, आणि पाणी निघून गेलं. त्या वासाचं वर्णन करत नाही. बिल्डिंगची मांजरं मात्र कुठून कुठून आली, एक तर चाकाशेजारी चक्क बसून राहिली.

आता धुण्याचा क्रम. इथे मी पूर्वी माती खाल्ली होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचं रसायन असतं, त्याला स्वतःचा वास नसतो. मासा मेला की जिवाणू त्यातून ट्रायमिथिलअमाइन तयार करतात, आणि आपण ज्याला शिळ्या मासळीचा वास म्हणतो तो मुख्यतः हा. हे आहे अल्कधर्मी. त्याला आम्ल भेटलं की क्षार बनतो, क्षार हवेत उडत नाही, म्हणजे नाकापर्यंत येत नाही. खायचा सोडा स्वतःच अल्कधर्मी, तो याला काय आवरणार! आई माशाला लिंबू चोळते, कालवणात कोकमाचं आंबट आगळ घालते. म्हणजे उत्तर स्वयंपाकघरात होतं आणि मी ते दुकानात शोधत होतो.

पण आम्लाच्या आधी दोन गोष्टी. पहिलं गार पाणी. गरम पाणी सुरुवातीलाच ओतलं तर माशाच्या रसातली प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठून धाग्यात बसतात. मग कोमट पाण्यात एन्झाइमवाली कपड्यांची पावडर. पाकिटावर बघून घ्यायची, सगळ्यांत एन्झाइम नसतं. हे एन्झाइम प्रथिनांचे तुकडे करतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. घासण्यात जोर दाखवून उपयोग नाही. मी पत्र्यावर आणि बोर्डवर ते लावलं आणि अर्धा तास चहा पीत बसलो. मग स्वच्छ पाण्याने धुऊन, पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून फवारलं. पत्र्यावर व्हिनेगर जास्त वेळ ठेवायचं नाही, रंग उडालेला असेल तिथे गंज धरतो. दहा मिनिटांत पुसलं, पुन्हा पाणी, मग कोरडं फडकं. शिवणीच्या कडेला नखाएवढे दोन गंजाचे ठिपके आधीच होते. तिथे प्रायमर लावून घेतला.

खरी डोकेदुखी गालिच्याची. वरून तो चार मिलिमीटरचा दिसतो, पण पोटाला बोटभर जाड फेल्ट चिकटवलेला असतो आणि तो स्पंजासारखा पितो. कार वॉशवाल्याने वरचा थर धुतला होता, पोटातलं तसंच. गच्चीवर नेला, नळ सोडला आणि पायाने तुडवला, पूर्वी गोधड्या तुडवायचे तसा. पाणी पिवळट येत राहिलं. सातव्या-आठव्या वेळी पांढरं आलं. एन्झाइमवालं पाणी, थांबणं, पुन्हा तुडवणं, व्हिनेगर. दुपारी दोनला कठड्यावर वाळत घातला.

वाळेपर्यंत गाडीच्या आतलं बाकीचं उरकू म्हटलं. मागची सीट वर उचलली तर खाली मुलाची तीन वर्षांची उधळपट्टी. दगड झालेली बिस्किटं, एक मोजा, टोलच्या पावत्या, सत्तावीस रुपयांची चिल्लर आणि बायकोचं जे कानातलं मी हरवल्याचा आरोप होता ते. ते तसंच तळहातावर ठेवून वर नेऊन दिलं. त्या दिवसातला सर्वात आनंदाचा क्षण.

एसीच्या जाळ्यांना रंगाचा अर्ध्या इंचाचा ब्रश उत्तम. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात व्हॅक्युमची नळी, धूळ उडायच्या आत ओढली जाते. सीटच्या कापडावर फेस कमी आणि फडकं जास्त. शाम्पू कापडात राहिला की चिकट होतो आणि महिन्याभरात सीट आधीपेक्षा काळी दिसते. ओल काढायला कोरडा पंचा ठेवून त्यावर गुडघे टेकून बसायचं, पंचा बदलत राहायचं. पुढच्या सीटा काढाव्यात का, असं मनात आलं होतं, पण खाली पिवळ्या आवरणाची वायर दिसली. पिवळं म्हणजे एअरबॅगच्या यंत्रणेचं. तिथे ना हात लावला, ना पाणी जाऊ दिलं. डॅशबोर्डवरचं तेल काढायला नुसतं ओलं फडकं चार वेळा फिरवावं लागलं.

शेवटी ग्लव्ह बॉक्स. दोन्ही बाजूंनी दाबून खाली उतरवला की मागे केबिन फिल्टरचा कप्पा. फिल्टर ओढला तर त्यात कडुलिंबाची पानं, डास, आणि तोच वास. दहा दिवस एसी "आतली हवा आत" या बटणावर चालवत होतो, म्हणजे डिकीतली हवा फिल्टरमधून फिरवत होतो. तो धुण्याच्या फंदात पडलो नाही. कागदी फिल्टर, नवा साडेतीनशेला मिळतो.

हे सगळं होईस्तोवर चार वाजले आणि आभाळ भरून आलं. वळीव. मी गच्चीवर पोचेपर्यंत टपोरे थेंब सुरू, आणि ओला गालिचा एकट्याने उचलणं म्हणजे म्हैस उचलण्यासारखं. सोडून दिलं. जिन्याच्या दारात उभा राहून तो भिजताना बघत बसलो. अर्धा तास धो धो. दिवसभराची मेहनत पाण्यात गेली असं वाटलं, पण झालं उलटंच. नळाने जे व्हिनेगर आणि साबण निघत नव्हता तो पावसाने काढला. सोमवार-मंगळवार कडकडीत ऊन पडलं. मी रोज सकाळी तो उलटा करायचो, आई फोनवर "पापडासारखा फिरव" म्हणून सांगायची. तिसऱ्या दिवशी फेल्टमध्ये बोट खुपसून बघितलं, आत ओल नाही. मगच बसवला. थोडी ओल ठेवून बसवला असता तर माशाच्या जागी बुरशीचा कुबट वास, आणि पुढे चार महिने पावसाळा. बुधवारपर्यंत गाडी दारं आणि डिकी उघडी टाकून उभी, आणि मी बसने ऑफिसला.

परीक्षक अर्थातच बायको. गुरुवारी गाडी दुपारभर काचा बंद करून उन्हात ठेवली आणि चारला तिला आत बसवलं. तिने डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला. मी बाहेर उभा, काचेला नाक लावून.

"मासे नाहीत," ती म्हणाली. "लोणच्याचा येतोय."

व्हिनेगर. ते दोन दिवसांत उडून गेलं. शुक्रवारी सहकाऱ्याला विचारलं तर तो सावधपणे आधी पुढच्या काचेतून डोकावला, मग बसला.

ऑगस्टमध्ये चांदणी चौकाच्या अलीकडे पंक्चर झालं. दुकानदार केरळचा, या रस्त्यावर वीस वर्षं आहे म्हणे. त्याने स्टेपनी काढली, आडवी टाकली आणि रिमच्या आतल्या कडेवर बोट थांबवलं. टायर मी वरून धुतला होता, उलटा केला नव्हता. नखाने त्याने काहीतरी सोललं आणि उजेडात धरलं. पारदर्शक, कडेला गुलाबीसर झाक, रुपयाच्या नाण्याएवढं.

"फिश?" त्याने विचारलं.

"तांबोशी," मी म्हटलं. "लाल. मोठी."

त्याने मान डोलावली, खवला पँटला पुसला आणि जॅक लावायला घेतला. "करी केली की फ्राय?"